शिक्का कोणाचा, हमी कशाची? अमेरिकेतल्या 'सर्टिफाइड' गाडीची गोष्ट

अमेरिकेत नोकरी लागली की थोड्याच दिवसांत गाडीचा प्रश्न येतो. नवी परवडत नाही आणि अनोळखी माणसाकडून जुनी घ्यायला जीव धजत नाही. मग डीलर मधला रस्ता दाखवतो: 'सर्टिफाइड प्री-ओन्ड'. तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच मैल चाललेल्या साध्या जुन्या गाडीपेक्षा ही महाग असते. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे समजायला गेल्या पन्नासेक वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो.

सुरुवात १९७० पासून करू. त्या वर्षी जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञानं 'लेमन्स'च्या बाजारावर एक निबंध छापला. अमेरिकन बोलीत लेमन म्हणजे खराब निघालेली गाडी. मुद्दा साधा होता: गाडीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा घाबरून सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. तो भाव चांगली गाडी असलेल्याला परवडत नाही, म्हणून तो विकायला येतच नाही. बाजारात लेमन उरतात. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या जोरावर अकरलॉफना २००१ मध्ये नोबेल मिळालं.

त्याच निबंधात भारतातल्या गृहिणीही आहेत. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे वेचणाऱ्या. आपल्यापैकी अनेकांनी आजीला ताटात तांदूळ घेऊन निवडताना पाहिलंय. पण गिअरबॉक्स काही ताटात पसरून निवडता येत नाही. तिथे दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विसंबावं लागतं.

तो शब्द कायद्यानं द्यायला लावावा, असा एक प्रयत्न झाला होता. फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय संस्थेनं १९८१ मध्ये नियम केला, की डीलरला गाडीतला मोठा दोष माहीत असेल तर त्यानं तो गिऱ्हाइकाला सांगितलाच पाहिजे. डीलरांच्या संघटनेनं जोर लावला आणि १९८२ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो नियम हाणून पाडला. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं असा नकाराधिकार घटनाबाह्य ठरवला, तरी १९८४ मध्ये आलेल्या नव्या नियमात दोष सांगायची सक्ती उरली नव्हती. उरला तो काचेवरचा कागद. आजही डीलरकडच्या प्रत्येक जुन्या गाडीवर तो दिसतो: वॉरंटी आहे, की 'ॲज इज', म्हणजे आहे तशी घ्या. डीलरला काय माहीत आहे, ते त्याच्या पोटातच राहतं.

ही पोकळी कंपन्यांनी भरली, आणि त्यात त्यांचा स्वतःचा फायदा होता. १९८६ च्या करसुधारणेनं वाहनकर्जाच्या व्याजावरची करसवलत हळूहळू संपवली, आणि पुढच्या वर्षांत लीजवर गाडी घ्यायचं प्रमाण वाढलं. लीज संपली की दोन-तीन वर्षं वापरलेल्या, बऱ्या स्थितीतल्या गाड्या ढिगानं परत येऊ लागल्या. लीजचा हप्ता ठरतो तो गाडी परत येताना किती किमतीची असेल यावर. म्हणजे जुनी गाडी स्वस्त विकली गेली, तर नव्या गाडीचा हप्ता वाढतो. जुनीचा भाव टिकवणं ही कंपनीचीच गरज होती. लेक्सस आणि मर्सिडीजसारख्या महागड्या ब्रँडनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्टिफाइडचा मार्ग रुळवला, आणि मग बाकीचे मागोमाग आले.

पण 'सर्टिफाइड' या शब्दाची देशभर लागू होणारी कायदेशीर व्याख्या नाही. कॅलिफोर्नियानं २००६ पासून काही अटी घातल्या: उदाहरणार्थ, चासी वाकलेली किंवा 'ॲज इज' विकलेली गाडी सर्टिफाइड म्हणून विकता येत नाही. २०१६ मध्ये जनरल मोटर्स आणि दोन डीलर समूहांवर कमिशननं आरोप ठेवला, की काटेकोर तपासणीची जाहिरात करताना काही गाड्यांचे रिकॉल बाकी आहेत हे नीट सांगितलं नाही. प्रकरण समझोत्यावर मिटलं. पण त्यानंतरही रिकॉल बाकी असलेली गाडी 'सर्टिफाइड' म्हणून विकायला बंदी आली नाही; ती शक्यता स्पष्ट सांगावी लागते, इतकंच.

मग पैसे कशाचे? मुख्यतः वॉरंटीचे. ती नीट मोजायला हवी. टोयोटाच्या गोल्ड सर्टिफाइड गाडीला इंजिन-गिअरबॉक्सची ७ वर्षं किंवा १,००,००० मैलांची वॉरंटी असते, पण ही ७ वर्षं गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या दिवसापासून धरतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. नव्या गाडीची मूळ वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची असतेच. तेव्हा तीन वर्षांच्या गाडीवर या शिक्क्यानं वाढतात ती सहावं आणि सातवं वर्षं, आणि सोबत सुरुवातीची १२ महिन्यांची सर्वसाधारण वॉरंटी.

आता समजा, ही गाडी तुम्ही दहाव्या वर्षापर्यंत वापरणार. तुमच्या सात वर्षांपैकी शेवटची तीन, म्हणजे मोठे खर्च निघण्याची शक्यता वाढते तीच, शिक्क्याच्या बाहेर राहतात. जितकी जास्त वर्षं ठेवाल, तितका शिक्क्याचा वाटा कमी आणि आधीच्या मालकानं तेल वेळेवर बदललं का, याचा वाटा जास्त. उलट, नोकरी आणि व्हिसा दोन्ही अधांतरी असतील आणि अचानक दोन हजारांचा खर्च झेपणार नसेल, तर विम्याचा हप्ता समजून जास्तीचे पैसे मोजणं शहाणपणाचंच.

सही करण्याआधी तीन गोष्टी करा. हमी कंपनीची आहे की फक्त डीलरची, ते लेखी मागा. गाडीचा व्हीआयएन नंबर सरकारी रिकॉलच्या यादीत तपासा. आणि बाहेरच्या मेकॅनिकला गाडी दाखवा. ज्याला ती विकायची नाही, असा तो एकटाच माणूस या सगळ्या व्यवहारात आहे.