दुभाष्याची काटकसर

कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी केव्हा सोडावे, मोटार केव्हा थांबवावी, हे ठरविणारा एक इवलासा संगणक असतो. त्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. माणूस त्याच्यासाठी बहुधा ‘सी’ भाषेत आज्ञा लिहितो. यंत्राला मात्र केवळ अंकांची भाषा कळते. या दोहोंमधला दुभाष्या म्हणजे कंपायलर. त्याने शब्दाला शब्द ठेवावा, की मथितार्थ तेवढा घेऊन थोडक्यात सांगावे? हा प्रश्न आजचा नव्हे. म्हणून त्याचा थोडा इतिहास आपण पाहू.

१९५४ साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस व त्यांचे सहकारी फोरट्रान भाषेचा कंपायलर रचावयास बसले. त्या काळी कसलेले लोक यंत्राच्या आज्ञा स्वतः लिहीत. आपल्या हातच्या कामाची बरोबरी हे यंत्रकृत भाषांतर करील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते निम्म्या वेगाने चालले तर कोणी स्वीकारणार नाही, ही बॅकस यांची धास्ती होती. म्हणून भाषेच्या डौलापेक्षा त्यांनी भाषांतराच्या काटकसरीवर भर दिला. १९५७ साली आय.बी.एम. ७०४ या यंत्रासाठी तो कंपायलर बाहेर पडला. तेच गणित दोनदा मांडले असेल तर एकदाच करावे, असले शहाणपण त्यात होते. त्याच वर्षी फ्रान्सिस अ‍ॅलन त्या कंपनीत आल्या. पुढे त्यांनी व जॉन कोक यांनी या काटकसरीला शास्त्राचे रूप दिले. २००६ सालचा ट्युरिंग पुरस्कार अ‍ॅलन यांना मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

पुढे संगणकांची स्मृती वाढली. परंतु १९८० साली इंटेलचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आला, त्यात आज्ञांसाठी ४ किलोबाइट आणि चालू हिशेबासाठी अवघे १२८ बाइट एवढीच जागा होती. काटकसर पुन्हा निकडीची झाली. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या जी.सी.सी. या कंपायलरला ती किती करावी हे आज खुणेने सांगता येते. ‘ओ ०’ म्हणजे काटकसर जवळजवळ नको, ‘ओ २’ म्हणजे वेग हवा, ‘ओ एस’ म्हणजे जागा वाचवावी.

येथेच घोटाळा होतो. समजा, बटण दाबले की स्मृतीतील एक खूण बदलते आणि प्रोग्राम त्या खुणेची वाट पाहत फिरत राहतो. ती खूण बदलते ‘इंटरप्ट’मध्ये, म्हणजे यंत्र हातचे काम टाकून क्षणभर दुसरीकडे वळते तेव्हा. कंपायलरला तो संबंध दिसत नाही. या फेऱ्यात कोणी खूण बदलत नाही, मग ती पुनःपुन्हा कशाला पाहावी, असा त्याचा हिशेब. तो एकदाच पाहतो आणि प्रोग्राम तेथेच अडकतो. ‘ओ ०’वर हेच काम बिनबोभाट चालते, मग दोष कंपायलरच्या माथी मारला जातो आणि काटकसर कायमची बंद होते. त्यापायी कधी प्रोग्राम फुगून चिपमध्ये मावेनासा होतो.

वस्तुतः उपाय भाषेतच आहे. १९८९ च्या सी भाषेच्या अमेरिकन प्रमाणसंहितेत ‘व्होलाटाइल’ हा शब्द आला. ही किंमत बाहेरून बदलू शकते, दर वेळी प्रत्यक्ष पाहा, असा त्याचा अर्थ. अर्थात् तेवढ्याने सर्व साधत नाही. आठ बिटांच्या यंत्रात दोन बाइटांची संख्या अर्धी वाचली असताना इंटरप्ट आला, तर अर्धी जुनी व अर्धी नवी संख्या हाती येते. तेथे वाचन होईतो इंटरप्ट थांबवावेच लागतात.

तेव्हा ‘ओ ०’ ही चुका शोधताना घेण्याची कुबडी आहे. तिच्यावर जन्मभर चालू नये. १९५७ साली दुभाष्याला आपली लायकी सिद्ध करावी लागली आणि त्याने ती केली. आता जबाबदारी आपली आहे. जे आपण सांगितलेच नाही, ते त्याने ओळखावे अशी अपेक्षा धरून त्याला बोल लावणे न्यायाचे नाही, असे आम्हांस वाटते.