वयाची अट आणि पिढ्यांचे सख्य



एका शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत पिढ्यापिढ्यांच्या नात्याविषयी बोलावे असे मला वाटले. हा विषय सहसा उपदेशाच्या अंगाने मांडला जातो. तरुणांनी वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, वडीलधाऱ्यांनी तरुणांना समजून घ्यावे, असे सांगून वक्ता मोकळा होतो. मी इतिहासाच्या वाटेने जाणार आहे. वयाच्या एका अटीवरून या देशात अर्धशतकाहून अधिक काळ जे राजकारण झाले, त्याची हकीकत मला आज सांगावयाची आहे. तिचे बरेच धागे आपल्या बडोद्याशी येऊन जुळतात.

माणसाची योग्यता वा गरज न पाहता केवळ वयावरून त्याला बाजूस सारण्याच्या प्रवृत्तीला १९६९ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी एक स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण तिला वयभेद म्हणू. बटलर यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः वृद्ध होते. परंतु या शस्त्राला दोन्हीकडे धार आहे. ‘तुझे वय झाले नाही’ आणि ‘तुमचे वय झाले’ ही दोन्ही वाक्ये माणसाला दाराबाहेरच उभे करतात. हे शस्त्र राज्यकर्त्यांच्या हाती पडले म्हणजे काय होते, ते पाहण्यासाठी आणखी शंभर वर्षे मागे, १८६९ कडे जावे लागेल.

हिंदुस्थानातील सनदी नोकऱ्यांसाठी १८५५ पासून लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा होऊ लागली. जात, धर्म वा वर्ण यांची आडकाठी कागदावर नव्हती. अट होती ती वयाची. कमाल वय प्रथम २३ होते, मग ते २२ झाले, मग २१. परकी भाषेतून शिकून, समुद्र ओलांडून, अनोळखी शहरात राहून परीक्षेस बसणाऱ्या हिंदी मुलाला एकेक वर्ष किती मोलाचे असेल, याची कल्पना करावी. तरीही १८६९ मध्ये चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपले मराठी श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांपैकी सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून यादीतून कमी करण्यात आली.

या वादाचे मूळ मोठे बोलके आहे. मुलाचा पंधरावा वाढदिवस झाला की त्याला ‘सोळावे लागले’ असे आपण आजही म्हणतो. सुरेंद्रनाथांनी १८६३ मध्ये प्रवेशपरीक्षेच्या वेळी देशी रिवाजाप्रमाणे वय सोळा सांगितले होते. विलायतेत वय मोजायचे ते पूर्ण झालेल्या वर्षांनी. त्या हिशेबाने ते तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि १८६९ मध्ये २१ च्या आतच होते. अधिकाऱ्यांनी मात्र जुन्या नोंदीतला सोळाचा आकडा उचलून तो आपल्या मोजणीत बसवला आणि उमेदवार वयोमर्यादा ओलांडून गेल्याचे ठरवले. दोन मोजण्यांतला फरक न्यायासनापुढे समजावून सांगावा लागला. अखेर दोघांनाही न्याय मिळाला. पण वय ही निसर्गाने दिलेली साधी गोष्ट नसून ते कोण मोजतो आणि कशासाठी मोजतो याला महत्त्व आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

१८७६ मध्ये भारतमंत्री लॉर्ड सॅलिस्बरी यांनी कमाल वय २१ वरून १९ वर आणण्याचे ठरवले आणि १८७८ पासून तो नियम लागू झाला. हिंदी विद्यार्थ्यांना दार जवळजवळ बंद झाले. या अन्यायाविरुद्ध देश जागा करण्यास निघाले ते सुरेंद्रनाथच. १८७४ मध्ये त्यांना सनदी नोकरीतून काढण्यात आले होते. परीक्षेचे वय उलटले होते आणि उत्तीर्ण होऊन मिळवलेली जागाही गेली होती. नियम बदलला तरी त्यांना स्वतःला कपर्दिकेचा लाभ होणार नव्हता. १८७७ मध्ये त्यांनी आग्रा, दिल्ली, लाहोर, अलाहाबाद अशा नगरांतून सभा घेतल्या आणि पुढे पश्चिम व दक्षिण हिंदुस्थानातही दौरा केला. १८७९ मध्ये लालमोहन घोष हा अर्ज घेऊन इंग्लंडला गेले. वेगवेगळ्या प्रांतांतील सुशिक्षितांनी एकाच प्रश्नावर एकत्र येण्याचा हा आरंभीचा मोठा प्रसंग होता. पुढे १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. तेथील एका ठरावात परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी आणि कमाल वय २३ हून कमी नसावे, अशी मागणी करण्यात आली. १८७४ च्या सुमारास बडोद्याचे दिवाणपद सांभाळून गेलेले दादाभाई नौरोजी त्या सभेत होते. त्यांचे वय तेव्हा साठ वर्षांचे होते. त्या सभेस जमलेल्या बहुतेकांची परीक्षेची वये केव्हाच उलटून गेली होती. १८९२ पासून मर्यादा २३ वर आली. त्याच वर्षी दादाभाई ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. १८९३ मध्ये दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घ्यावी असा ठराव कॉमन्स सभेत संमत झाला. परंतु तो कागदावरच राहिला आणि प्रत्यक्ष हिंदुस्थानात परीक्षा होण्यास १९२२ साल उजाडले. दादाभाई तोवर हयात नव्हते.

या हकीकतीचे मर्म माझ्या मते येथे आहे. पिढ्यांचे सख्य म्हणजे एकमेकांविषयी गोड बोलणे नव्हे. जे वय आपले नाही, त्या वयाच्या माणसाचा प्रश्न आपला मानून त्यासाठी झिजणे, हे ते सख्य. साठीचे दादाभाई एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी भांडत होते.

एकोणीस वर्षांची अट कोणाला पार करता येत होती, याचे उदाहरण बडोदेकरांच्या परिचयाचे आहे. अरविंद घोष यांना त्यांच्या वडिलांनी सातव्या वर्षीच इंग्लंडला ठेवले होते, म्हणून १८९० मध्ये सतराव्या वर्षी त्यांना ती परीक्षा उत्तीर्ण होता आली. घोडेस्वारीच्या परीक्षेस ते उपस्थित राहिले नाहीत, त्यामुळे नेमणूक झाली नाही आणि १८९३ मध्ये ते बडोदे संस्थानच्या सेवेत आले. त्याच वर्षी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मधून, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी राष्ट्रीय सभेच्या वृद्ध धुरिणांवर कडक टीका करणारी लेखमाला सुरू केली. एक्कावन्न वर्षांच्या न्यायमूर्ती रानडे यांनी तिचा सूर सौम्य करण्याचा सल्ला दिला. ज्या पिढीने वयाच्या अटीविरुद्ध झगडा केला, तिलाच आता एक तरुण ‘तुमचे दिवस संपले’ असे बजावत होता. टीका सर्वस्वी गैर नव्हती; अर्ज आणि विनंत्या यांच्या मर्यादा खरोखरच उघड्या पडल्या होत्या. मात्र विचाराचा मतभेद वयाच्या भाषेत मांडण्याची सवय तेव्हापासून रुजू लागली.

याच काळात बडोद्यात निराळा प्रयोग चालू होता. १८७५ मध्ये बारा वर्षांचा एक मुलगा कवळाण्याहून येऊन गादीवर बसला, सर टी. माधवरावांसारख्या प्रौढ दिवाणाने राज्याची घडी बसवली आणि १८८१ मध्ये, अठराव्या वर्षी, सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार सोपवण्यात आले. १९०४ मध्ये महाराजांनी रमेशचंद्र दत्त यांना आपल्या मंत्रिमंडळात घेतले; १८६९ च्या चौघांपैकी ते एक. तेव्हा त्यांचे वय ५६ होते आणि सरकारी नोकरी त्यांनी १८९७ मध्येच सोडली होती. १९०९ मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी बडोद्यातच त्यांनी देह ठेवला. तरुण अरविंदबाबू आणि वयोवृद्ध दत्त हे काही काळ एकाच दरबारच्या सेवेत होते. महाराजांनी दोघांचीही पारख त्यांच्या कामावरून केली.

बंगालच्या फाळणीनंतर वाद विकोपाला गेला. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात फूट टाळावी म्हणून ८१ वर्षांच्या दादाभाईंना इंग्लंडहून बोलावून अध्यक्ष करण्यात आले. क्षीण आवाजामुळे त्यांच्या भाषणाचा बराच भाग चाळिशीतल्या गोखल्यांनी वाचून दाखवला. त्या भाषणात राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून स्वराज्याचे ध्येय उच्चारले गेले. सर्वांत वयोवृद्ध पुढाऱ्याने सर्वांत पुढचा शब्द उच्चारला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढच्याच वर्षी सुरतेस सभा मोडली. त्या काळी दोन तटांना ‘जुना पक्ष’ आणि ‘नवा पक्ष’ अशी नावे होती. ती ऐकून आपण समजतो की एका बाजूस म्हातारे आणि दुसऱ्या बाजूस तरुण उभे होते. प्रत्यक्षात नव्या पक्षाचे अग्रणी लोकमान्य टिळक ५१ वर्षांचे होते, तर जुन्या पक्षाचे गोखले ४१ वर्षांचे. धाकटा जुना आणि थोरला नवा! वयाने मत ठरत नाही, याला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? सुरतेच्या मंडपात भिरकावलेला तो प्रसिद्ध जोडा सुरेंद्रनाथ आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. ज्याने तीस वर्षांपूर्वी तरुणांच्या वयाच्या अटीसाठी देश पालथा घातला, त्याच्याच गालावर तो बसावा, हे त्या दिवसाचे दुर्दैव होय. आणि त्याच गदारोळात व्यासपीठावर टिळकांच्या अंगावर लोक धावून आले, तेव्हा गोखले दोन्ही हात पसरून त्यांच्या रक्षणास उभे राहिले. प्रत्यक्षदर्शी इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन यांनी हे लिहून ठेवले आहे. राजकारणाने जे तोडले, ते या एका कृतीत क्षणभर जुळलेले दिसते.

मात्र या थोर पिढीचे चित्र एकाच बाजूने रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही. सनदी परीक्षेचा प्रश्न मूठभर इंग्रजी शिकलेल्या पुरुषांचा होता. मुलींच्या वयाचा प्रश्न आला तेव्हा हीच पिढी दुभंगली. परकी सरकारने आपल्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, या भूमिकेवरून टिळकांनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला. तो कायदा वयोमर्यादा दहावरून बारावर नेण्यापुरताच होता. रानडे सुधारणेच्या बाजूस होते. पण १८७३ मध्ये ३१ व्या वर्षी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह करणे त्यांनाही टाळता आले नव्हते. वडिलकीचा अधिकार प्रेमळ असतो तसा जाचकही असतो, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी ते लग्न मान्य करण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी १८८७ मध्ये दाखवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेतच दीर्घकाळ रुग्णसेवा केली. बडोदे संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाहप्रतिबंधक कायदा करून मुलीसाठी बारा आणि मुलासाठी सोळा वर्षांची मर्यादा घातली. आज हे आकडे तोकडे वाटतात. परंतु दुर्बलाच्या रक्षणासाठी घातलेली वयाची अट आणि सबलाच्या सोयीसाठी घातलेली वयाची अट यांत अंतर आहे. म्हणून अट पाहताच ती मोडावी असे मी म्हणत नाही. ती कोणाचे रक्षण करते आणि कोणाला बाहेर ठेवते, एवढे विचारावे.

स्वतंत्र भारतातही हा प्रश्न संपलेला नाही. १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. केंद्र सरकारच्या सेवकांचे निवृत्तीचे वय ५५ होते, ते १९६२ मध्ये ५८ आणि १९९८ मध्ये ६० झाले. २००७ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहासाठी मुलांवर बंधन घालणारा कायदा करावा लागला. हे आकडे बदलताना दोन पिढ्या प्रतिस्पर्ध्यांसारख्या समोरासमोर आणल्या जातात. निवृत्तीचे वय वाढले की तरुण म्हणतात, आमच्या जागा गेल्या. स्पर्धापरीक्षांची वयोमर्यादा सरत आलेल्या मुलाची घालमेल पेन्शन घेणाऱ्याला परकी वाटते. पेन्शनीच्या हप्त्यासाठी खेपा घालणाऱ्या वृद्धाची दमछाक त्या मुलाला परकी वाटते. निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराला म्हातारा म्हणून आणि दुसऱ्याला पोरसवदा म्हणून हिणवले जाते. त्यांनी काय केले, हा प्रश्न मागेच राहतो.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्यासारख्या मराठी समाजाला हा दुरावा अधिक महाग पडतो. मुले नोकरीसाठी दूर जातात, घरी थोरली माणसे उरतात, आणि भाषा, शाळा, ग्रंथालय, गणेशोत्सव यांची धुरा कोणी वाहायची, हा प्रश्न उभा राहतो. वृद्धांना वाटते, तरुणांना आस्था नाही. तरुणांना वाटते, कार्यकारिणीतल्या खुर्च्या मोकळ्या होत नाहीत. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु जोवर प्रत्येक पिढी आपलीच तक्रार मांडते, तोवर तिला उत्तर मिळणे कठीण.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे मी एकच सूचना ठेवतो. येथील ज्येष्ठांनी तरुणांच्या एखाद्या अडचणीसाठी अर्ज लिहावा, खेपा घालाव्यात, सभेत उभे राहून बोलावे. आणि तरुणांनी ज्येष्ठांच्या एखाद्या हक्कासाठी तसेच करावे. ज्यात आपला स्वतःचा लाभ नाही, अशी मागणी करणाऱ्याच्या शब्दाला निराळे वजन येते. सुरेंद्रनाथांच्या शब्दाला ते वजन होते, दादाभाईंच्याही होते. वर्गातून दरवर्षी पुढे निघून जाणाऱ्या मुलांसाठी जो आयुष्यभर तेथेच उभा राहतो, त्या शिक्षकाच्या शब्दालाही ते असते. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो, त्यांचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.