निर्यातीची वाक्यरचना आणि मुक्तस्रोत साधन : 'ओपनरिफाइन'च्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

संगणकीय साधनांचा इतिहास बहुधा त्यांच्या निर्मात्यांचा, कंपन्यांचा आणि आवृत्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. साधनातून माहिती कोणत्या रूपात बाहेर पडते, हा प्रश्न केवळ तांत्रिक तपशील समजून बाजूला ठेवला जातो. परंतु ग्रंथपालाने, पत्रकाराने किंवा इतिहास-संशोधकाने परिश्रमपूर्वक स्वच्छ केलेली माहिती पुढे कोणाच्या उपयोगी पडणार, हे पुष्कळदा त्या रूपावरच ठरते. प्रस्तुत निबंधात 'ओपनरिफाइन' या मुक्तस्रोत साधनाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

फ्रीबेसचा कालखंड

डॅनी हिलिस यांनी २००५ साली स्थापन केलेल्या मेटावेब या कंपनीने २००७ मध्ये 'फ्रीबेस' हे मुक्त ज्ञानभांडार लोकांपुढे आणले. त्यात माहिती भरणाऱ्यांची मुख्य अडचण अशी, की त्यांच्याजवळची कोष्टके अत्यंत अस्वच्छ असत. एकच नाव पाच प्रकारे लिहिलेले, तारखा कशाही मांडलेल्या, एका रकान्यात दोन गोष्टी कोंबलेल्या. त्यावर उपाय म्हणून डेव्हिड ह्युन आणि स्टेफानो माझोकी यांनी 'फ्रीबेस ग्रिडवर्क्स' हे साधन तयार केले व ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दोघेही पूर्वी एमआयटीच्या 'सिमाइल' प्रकल्पात काम केलेले होते. जुलै २०१० मध्ये गूगलने मेटावेब विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हे साधन 'गूगल रिफाइन' या नावाने पुढे आले.

साधनाच्या निर्यात-यादीत स्वल्पविरामाने वा टॅबने विभागलेल्या मजकुरासारखी सर्वपरिचित रूपे होतीच. त्यांच्या जोडीला खास फ्रीबेससाठी दोन रूपे दिलेली होती. पहिल्यात प्रत्येक विधान 'कर्ता, संबंध, विषय' अशा त्रिकुटाने मांडले जाई. दुसरे फ्रीबेसच्या स्वतःच्या एमक्यूएल या भाषेतील लेखन-आज्ञांचे होते. या भाषेत 'अनलेस एक्झिस्ट्स', म्हणजे 'आधीपासून नसेल तरच निर्माण कर', अशी अट घालता येत असे. एकाच व्यक्तीची दोन पाने होऊ नयेत ही काळजी येथे व्याकरणातच अंतर्भूत होती, हे विशेष.

ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने साधनाचा पाठिंबा काढून घेतला. परवाना बीएसडी पद्धतीचा असल्यामुळे आज्ञावली स्वयंसेवकांच्या हाती राहिली व तिला 'ओपनरिफाइन' हे नाव मिळाले. मात्र फ्रीबेस स्वतः तसे नव्हते. ते चालविणारी यंत्रणा कंपनीची होती. डिसेंबर २०१४ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली आणि २०१६ मध्ये ते बंद पडले. अर्थात निर्यात-यादीतील ती दोन रूपे निर्दोष असूनही निरर्थक ठरली, कारण ती भाषा ऐकणारे कोणी उरले नव्हते. साधन जगले आणि त्याचे मूळ प्रयोजन संपले, अशी ही विलक्षण अवस्था होती.

विकिडेटा आणि नवी वाक्यरचना

ऑक्टोबर २०१२ मध्येच, म्हणजे गूगलने हात काढून घेतला त्याच महिन्यात, 'विकिडेटा' सुरू झाला. हा योगायोगच म्हणावा लागेल. विकिडेटात पुष्कळ विधाने एकदम भरण्यासाठी माग्नुस मान्स्के यांचे 'क्विकस्टेटमेंट्स' हे साधन रूढ झाले. त्याची वाक्यरचना साधी आहे : एका ओळीत घटकाचा क्रमांक, गुणधर्माचा क्रमांक आणि मूल्य. भाषिक नावासाठी 'एल' या अक्षरापुढे भाषेचा संकेत येतो. मराठीसाठी तो 'एमआर' असा आहे, त्यामुळे मराठी नावे भरणाऱ्यालाही हीच ओळ लिहावी लागते.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ओपनरिफाइनच्या ३.० या आवृत्तीत अँतोनँ देलपश यांच्या कामातून विकिडेटासाठीचा विस्तार समाविष्ट झाला. त्यातून विकिडेटावर थेट संपादन करता येऊ लागले, आणि क्विकस्टेटमेंट्सच्या वाक्यरचनेत निर्यातही करता येऊ लागली. थेट मार्ग उपलब्ध असताना दुसरा कशासाठी, असा प्रश्न येथे संभवतो. निर्यात केलेला मजकूर प्रत्यक्ष भरण्यापूर्वी वाचता येतो, सहकाऱ्याला दाखविता येतो, जपून ठेवता येतो. सामूहिक ज्ञानभांडारात शेकडो चुकीची विधाने एका क्षणात घुसू शकतात, हे ध्यानी घेतल्यास ही सोय क्षुल्लक वाटणार नाही.

तथापि कोष्टकाचे तर्कशास्त्र आणि ओळीचे तर्कशास्त्र यांचा मेळ घालणे सोपे नव्हते. क्विकस्टेटमेंट्समध्ये नवा घटक 'क्रिएट' या आज्ञेने निर्माण होतो व पुढील ओळींत त्याचा उल्लेख 'लास्ट' या शब्दाने करावा लागतो. 'लास्ट' म्हणजे सर्वांत शेवटी निर्माण केलेला घटक. कोष्टकात नवा ग्रंथ आणि त्याचा नवाच लेखक असेल, तर दोघांना जोडणारे विधान लिहिताच येत नाही. कारण दुसरा घटक निर्माण होताच पहिला 'लास्ट' राहत नाही. यासाठी निर्यातीपूर्वी विधानांचा क्रम लावणारा स्वतंत्र भाग आज्ञावलीत घालावा लागला. एखादा जुना घटक नव्या घटकाशी जोडायचा असल्यास क्रम बदलून काम भागते. दोन नवे घटक एकाच विधानात आले, की निर्यात अशक्य असल्याचा स्पष्ट संदेश मिळतो. चुकीचे काही लिहून मोकळे होण्यापेक्षा नकार देणे अधिक प्रामाणिक होय.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. 'क्रिएट' या आज्ञेला 'आधीपासून नसेल तरच' ही जुनी अट नाही. ती म्हणजे नेहमीच नवा घटक. त्यामुळे दुबार नोंदी टाळण्याची जबाबदारी व्याकरणाकडून काढून त्याआधीच्या ताळमेळाच्या टप्प्यावर, म्हणजे वापरणाऱ्याच्या नजरेवर, येऊन पडली. या टप्प्यावर मराठी वापरणाऱ्याची बाजू दुबळी राहते. सारख्या नावांचे गट पाडण्यासाठी साधनात दिलेल्या उच्चाराधारित पद्धती, उदाहरणार्थ मेटाफोन-३ किंवा कोलोन, पाश्चात्त्य नावांसाठी घडविलेल्या आहेत. देवनागरीतील ऱ्हस्वदीर्घाचे वा अनुस्वाराचे भेद त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

पुढे २०२१ मधील ३.५ या आवृत्तीने हा विस्तार केवळ विकिडेटापुरता न ठेवता विकिबेस या आज्ञावलीवर चालणाऱ्या कोणत्याही भांडारासाठी खुला केला. कोणत्या रकान्यातून कोणते विधान तयार व्हावे याचा आराखडाही माहितीपासून वेगळा करून जतन करता येतो. एका भांडाराचे दार बंद झाले, तरी कोष्टक आणि आराखडा दोन्ही संशोधकाच्या स्वतःच्या संगणकावर राहतात.