न्यायालयात निरुपद्रवी ठरलेली पूड

एखादी वस्तू निरुपद्रवी आहे, हे कोणी ठरवायचे? इंग्रजीतले 'इनॉक्युअस' हे विशेषण सोळाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमधून आले. 'इनोसंट' आणि घातक या अर्थाचे 'नॉक्शस' ही त्याचीच भावंडे. पण हे विशेषण एका उग्र वासाच्या पुडीला मिळवून देणारा दावा उभा राहिला अमेरिकेतल्या जर्सी सिटीत. त्यासाठी आपण आधी १७७४ च्या स्वीडनमध्ये जाऊ. तिथे कार्ल शीलेने क्लोरीन वायू तयार केला. पुढे फ्रान्समध्ये बर्थोलेने त्या वायूने कापड शुभ्र करून दाखवले आणि १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटने चुन्यात क्लोरीन मुरवून ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. म्हणजे ही पूड मुळात कापडवाल्यांची. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने तिच्या द्रावणाने डॉक्टरांना हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी वैद्यकविश्वाने त्याचे ऐकले नाही, याची आजही खंत वाटते.

जर्सी सिटीला १९०४ पासून बून्टन जलाशयाचे पाणी मिळू लागले. पाणी शुद्ध व आरोग्यदायी असेल, असे पाणी पुरवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारात होते. मोठ्या पावसानंतर वरच्या गावांचे सांडपाणी जलाशयात उतरते, अशी तक्रार घेऊन शहर कोर्टात गेले. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी गटारांवर अमाप खर्च करण्याऐवजी ब्लीचिंग पावडरचा उपाय सुचवला, जॉर्ज फुलर यांनी यंत्रणा उभारली आणि २६ सप्टेंबर १९०८ रोजी ती सुरू झाली. पिण्याच्या पाण्यात रसायन, या कल्पनेनेच लोक बिचकत. दहा लाख भाग पाण्यात एक भागाहूनही कमी क्लोरीन जंतू मारतो, माणसाला अपाय करत नाही, हे लील यांनी साक्षीत ठामपणे मांडले. १९१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि अमेरिकेतली इतर शहरेही त्याच वाटेने गेली. पाचच वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, ईप्रच्या रणांगणावर हाच क्लोरीन सैनिकांचा जीव घेत होता. माझ्या मते सगळा भेद मात्रेचा आणि देखरेखीचा आहे.

तीच पूड आज महाराष्ट्रातल्या गावोगावी 'टीसीएल' म्हणून ओळखली जाते. जलसुरक्षक ती बादलीत कालवतो, चुना तळाशी बसू देतो आणि वरची निवळी विहिरीत किंवा टाकीत ओततो. मग ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पाण्याला पिवळी छटा आली, की क्लोरीन उरल्याची खूण पटते. पुडीचे पोते उघडे राहिले, तर तिचा जोर उतरतो. आपल्या गावात ती कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवली आहे का, आणि शेवटच्या नळावर ओटी चाचणी होते का, हे ग्रामपंचायतीत जाऊन जरूर विचारा.