श्वान निर्बीजीकरण (पुणे)

भटक्या कुत्र्यांची पैदास शस्त्रक्रियेने रोखण्याचा उपक्रम. पुणे महानगरपालिका तो प्राणिकल्याण संस्थांच्या मदतीने राबवते. त्याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील २००१ च्या नियमांचा आधार होता. २०२३ पासून नवे नियम लागू आहेत.

पकडून आणलेल्या कुत्र्याला भूल देऊन मादीचे अंडाशय व गर्भाशय किंवा नराचे वृषण काढतात. रेबीजची लस टोचतात आणि कानाला छोटी खाच पाडतात. खाच दिसली की तो कुत्रा शस्त्रक्रियेसाठी पुन्हा पकडावा लागत नाही. जखम भरल्यावर त्याला सहसा मूळ जागीच सोडतात, कारण जागा मोकळी झाली की बाहेरचे, लस न टोचलेले कुत्रे तिथे शिरतात.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचाच असल्याने शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्र्यांमुळे संख्या पुन्हा लवकर वाढते आणि अर्धवट मोहीम वाया जाते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आल्यावर कामाचा पसारा वाढला. पाळीव कुत्र्याची शस्त्रक्रिया ही मालकाची जबाबदारी. तिचा खर्च परवडला नाही, तर नकोशी पिल्ले रस्त्यावर येतात. म्हणूनच गावोगावी स्वस्त शस्त्रक्रियेची सोय हवी. माणसाची सुरक्षितता आणि मुक्या जिवाबद्दलची दया त्यातून एकत्र साधतात.