दाभोळची न झालेली हजयात्रा

हाजी मिनात कुर्बानी देतात, त्याच दिवसांत आपण इथे बकरी ईद करतो. ‘कुर्बानी’ शब्दात ‘कुर्ब’ आहे, म्हणजे जवळीक. सूरह हजनुसार अल्लाहकडे जनावराचे मांस-रक्त नव्हे, माणसाचा तकवा पोहोचतो.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, वाशिष्ठी खाडीकाठी, दाभोळची शाही मशीद आहे. लोक सांगतात, १६५९ च्या सुमारास विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजसाठी दाभोळ बंदरात आली. समुद्री लुटारूंच्या भीतीने जाणे राहिले. मग हजसाठी काढलेला पैसा तिने माघारी नेला नाही, मशीद बांधली.

अल्लाहच्या नावाने काढलेले पुन्हा आपले होत नाही, हीच कुर्बानी. तीन वाट्यांतला गरिबांचा वाटा आपल्याच फ्रीजमध्ये जात असेल, तर ही शहजादी जरूर आठवावी.