ऊन टाळावे तर वाघ: चिमूरच्या जंगलात ‘निरोगी कामाची जागा’ म्हणजे काय?

‘निरोगी कामाची जागा’ म्हटले की बहुतेकांना शहरातले ऑफिस आठवते. पाठीला आधार देणारी खुर्ची, योगाचा तास, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात हजारो लोकांच्या कामाच्या जागेला भिंतीच नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने, पावसाळ्यात धानाची रोवणी, पीक उभे असताना रानडुकरांपासून राखण म्हणून रात्रीची जागल, आणि वर्षभर वनरक्षक व वनमजुरांची जंगलातली गस्त. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे कोलारा प्रवेशद्वार याच तालुक्यात आहे.

कामामुळे माणूस आजारी पडू नये, जखमी होऊ नये, सतत धास्तीत राहू नये, हा प्रश्न इथेही तोच आहे. उत्तर मात्र वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते.

आधी व्याख्या

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली निरोगी कार्यस्थळाचा एक आराखडा मांडला. त्यात चार गोष्टी येतात: कामाची प्रत्यक्ष जागा, कामातले मानसिक-सामाजिक वातावरण, कामगाराला आरोग्यासाठी मिळणाऱ्या सोयी आणि कामाच्या जागेचा आसपासच्या समाजाशी असलेला संबंध. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित व निरोगी कामाच्या वातावरणाला मूलभूत हक्कांमध्ये स्थान दिले. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा या संस्थांचा अंदाज आहे.

प्रत्यक्षात बहुतेक मालक तिसऱ्या मुद्द्यापाशीच थांबतात. शिबिर घेतले, गोळ्या वाटल्या, फोटो काढला. ते स्वस्त पडते. कामाची वेळ, मजुरी मोजण्याची पद्धत आणि धोका दिसल्यावर ‘थांबा’ कोण म्हणू शकतो, या गोष्टी बदलणे महाग आणि अवघड असते. आरोग्य मात्र त्यांवरच ठरते.

तेंदूच्या हंगामातली कोंडी

तेंदूपानांचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो आणि तो नेमका मे महिन्याच्या तोंडावर येतो. तेव्हा चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही देशातल्या सर्वात तापणाऱ्या गावांमध्ये असतात. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उष्माघात टाळण्यासाठी दुपारी १२ नंतर उन्हात काम करू नका, असा सरकारी सल्ला असतो आणि तो बरोबरच आहे. म्हणून बाया-माणसे पहाटेच घराबाहेर पडतात.

पण पहाट आणि संध्याकाळ या वाघाच्या वावराच्या वेळा. तेंदूची कोवळी पाने खालच्या झुडपांवर असतात, मोहफुले तर जमिनीवरूनच वेचायची असतात. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, सावजासारखा दिसतो, असे वन विभागाचे कर्मचारी वारंवार सांगतात. त्यामुळे उन्हापासून वाचवणारी वेळच वाघाच्या समोर नेऊन उभी करते.

त्यात मजुरीचे गणित. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांचे एक प्रमाणित गोणे धरतात, म्हणजे एका गोण्यात ७० हजार पाने. पैसे दिवसाचे नाहीत, पुड्यांचे. पाने तोडायची, घरी आणून मोजून बांधायची, संध्याकाळपर्यंत संकलन केंद्रावर पोचवायची. जवळचे झुडूप ओरबाडून झाले की पाय आपोआप आत वळतात. ‘घोळक्याने राहा, आत जाऊ नका’ ही सूचना सगळ्यांना पाठ असते. पण घोळक्यात एकाच झुडपावर चार हात पडतात आणि पुडे कमी होतात. सूचना न पाळणाऱ्यांना निष्काळजी म्हणणे सोपे आहे. ती पाळली की मजुरी घटते, हे मात्र कोणी धरत नाही.

१० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात ठार झाल्या.

कोलाऱ्याची घटना

पगारी कर्मचारीही यातून सुटलेले नाहीत. २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा भागात व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण चालू होते. एक महिला वनरक्षक आणि तीन मदतनीस काही किलोमीटर चालून गेल्यावर त्यांना वाटेवर वाघीण बसलेली दिसली. ते बरेच अंतर राखून सुमारे अर्धा तास थांबले. वाघीण हलेना, म्हणून झाडीतून वळसा घालून पुढे निघाले. वाघिणीने मागून येऊन वनरक्षकावर झडप घातली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. यानंतर ताडोबातले पायी सर्वेक्षण थांबवण्यात आले.

या चौघांनी घाई केली नव्हती. त्यांना थांबायचे कळत होते. प्रश्न त्या अर्ध्या तासानंतरचा आहे: ‘आजचे काम इथेच सोडा, परत फिरा’ हा पर्याय कामाच्या आखणीतच आधीपासून लिहिलेला असायला हवा. तो प्रत्येकाने तिथल्या तिथे, स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचा नसतो.

कायदा कुठपर्यंत पोचतो?

कामाच्या सुरक्षिततेची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगाराने मालकाला आणि निरीक्षकाला कळवावे आणि मालकाने लगेच उपाय करावा, अशी तरतूद तीत आहे. पण ही संहिता मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. पुड्यावर पैसे घेणारी तेंदू तोडणारी बाई कोणाची कामगार? ठेकेदार म्हणतो, मी फक्त पाने विकत घेतो.

हल्ल्यात मृत्यू झाल्यास महाराष्ट्रात कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. ही मदत गरजेची आहे, पण ती सगळे घडून गेल्यावर येते. धोका असलेल्या कक्षात चार दिवस तोड बंद ठेवली, तर त्या चार दिवसांची बुडालेली मजुरी कोण भरणार, याची व्यवस्था झाली तरच बंदी पाळली जाईल.

उघड्यावरच्या कामासाठी सोयी करता येतच नाहीत, असे नाही. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी आणि लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई, हे २००५ च्या कायद्याने बंधनकारक केले होते. अनेक ठिकाणी ते कागदावरच राहिले. तरीही कामाची जागा म्हणजे फक्त इमारत नव्हे, हे त्यात मान्य केलेले होते.

रात्रीच्या जागलीलाही हेच लागू आहे. शेतीपंपाला रात्री वीज आली की शेतकरी अंधारात शेतावर जातो, शेजारी जंगल असले तरी. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. तिची चर्चा विजेच्या अंगाने होते. जंगलालगतच्या गावांत ती जीव वाचवणारी योजना आहे.

पाचगावने काय केले?

याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद केले. कारण वाघ नव्हता. तेंदूसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि पानांची शेवटी बिडीच होते, हे लोकांना पटत नव्हते. त्यांनी उत्पन्नासाठी बांबू निवडला, जो ग्रामसभाच तोडते आणि विकते.

बांबूच्या रानातही वाघ असतो, तेव्हा धोका संपला असे नाही. पण कोणते काम करायचे, कोणते नाही, हे इथे काम करणारेच बसून ठरवतात. ठेकेदाराच्या पुड्यांसाठी मे महिन्यातल्या पहाटे जंगलात शिरण्याची वेळ पाचगावच्या माणसांवर येत नाही. न तोडलेल्या तेंदूची फळे पाखरांना आणि गावातल्या पोरांना मिळतात.